ससा गप्प बसलाय : ऊन लागलंय की प्रवासाचा धसका घेतलाय? आधी कान हातात घेऊन बघा

एप्रिल-मे मध्ये ससा विकला की दुसऱ्या दिवशी फोन येणार हे मी धरूनच चालतो. "दादा, काल नेलेला ससा कोपऱ्यात गप्प बसलाय, काही खात नाही, श्वास भराभर चाललाय, काय करू?" यातल्या श्वासाचं आधी सांगतो, निवांत बसलेला ससासुद्धा मिनिटाला 30 ते 60 वेळा श्वास घेतो, त्यामुळे पहिल्यांदा ससा पाळणाऱ्याला तो कायमच धापा टाकतोय असं वाटतं. पण बाकीचं जे सांगतात ते दोन वेगळ्या गोष्टींचं असू शकतं, एक म्हणजे ऊन लागणं आणि दुसरं म्हणजे प्रवासाचा धसका, आणि फोनवर दोन्ही अगदी सारखंच ऐकू येतं. अडचण अशी की एकात सशाला गार करायचं असतं आणि दुसऱ्यात गार केलं तर तो हातचा जातो.

माझ्याकडून ही चूक झालेली आहे. वर्ध्याच्या एका पोराने पिल्लू नेलं, बाहेर 44 डिग्री, त्याचा फोन आल्यावर मी दुसरं काही न विचारता सांगून टाकलं की ओला पंचा टाक अंगावर आणि कूलरसमोर ठेव. त्याने बिचाऱ्याने तसंच केलं. संध्याकाळी म्हणाला पिल्लाचे कान बर्फासारखे झालेत आणि सकाळपासून पिंजऱ्यात एकही लेंडी नाही, आणि रात्री ते गेलं. त्याला ऊन लागलंच नव्हतं, धसक्याने पोट बंद पडलं होतं. तेव्हापासून फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, कान हातात घे आणि सांग, गरम की गार?

कानच का, तर सशाला आपल्यासारखा घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं जीभ काढून अंग थंड करणंही त्याला जमत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्य जागा म्हणजे ते दोन कान, पातळ चामडी आणि आत रक्तवाहिन्यांचं जाळं. ऊन लागलेल्या सशाचे कान हाताला चटकन गरम लागतात, आतून लालबुंद दिसतात, ससा पोट जमिनीला टेकवून लांब पसरतो, नाकाभोवती आणि हनुवटीला ओल येते, मान मागे टाकतो. आणि तोंड उघडून श्वास घ्यायला लागला तर एक मिनिटही थांबू नका, ससा नेहमी नाकानेच श्वास घेतो, तोंड उघडलं म्हणजे गोष्ट फार पुढे गेलेली असते.

धसक्याचं चित्र वेगळं. ससा पसरत नाही, अंग चोरून गोळा होऊन बसतो, डोळे अर्धे मिटलेले, जवळ कान नेला तर दात करकरल्याचा आवाज येतो, तो दुखण्याचा असतो. कान गार. आता हिवाळ्यात किंवा एसीच्या खोलीत कान गार लागले तर त्यात काही नाही, पण बाहेर 42 डिग्री असताना कान गार म्हणजे अंगातली ऊबच कमी होतेय असं समजा. सशाचं नॉर्मल तापमान साधारण 38.5 ते 40 डिग्री असतं, 40.5 च्या वर गेलं की ऊन लागल्याचा धोका, 38 च्या खाली गेलं की तेवढाच मोठा धोका, फक्त उलट्या बाजूने.

धसक्याने पोट कसं बंद पडतं हे समजून घ्या. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं, त्यासाठी त्याच्या पोटात सतत गवत जावं लागतं. घाबरला की आतड्याची हालचाल मंदावते, खाणं सुटतं, खाणं सुटलं की हालचाल आणखी मंदावते, आत गॅस धरतो, तो दुखतो म्हणून अजून खात नाही. डॉक्टर याला जीआय स्टेसिस म्हणतात. म्हणून कानानंतर माझा दुसरा प्रश्न लेंड्यांचा. लेंड्या बारीक, वाकड्यातिकड्या व्हायला लागल्या की सावध व्हायचं, 10-12 तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद म्हणजे उद्याची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. पोट ढोलकीसारखं ताठ लागत असेल तर तेवढंही थांबू नका.

उपाय. ऊन लागलं असेल तर सावलीत आणा, कान साध्या पाण्याने ओले करा, अंगाखाली ओलसर फडकं, पंखा चालू, आणि फोन करत करतच दवाखान्याकडे निघा. बर्फाचं पाणी नको, बादलीत बुडवणं तर अजिबात नको, त्या झटक्यानेच जीव जातो. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते फुप्फुसात उतरतं. धसका असेल तर एक पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा लपायला, पुढ्यात सुकं गवत आणि पाणी, आणि त्याला एकटं सोडा, शेजारची पोरं बघायला बोलवू नका, पाठीवर उताणा करून झोपवू नका (तसा तो शांत पडतो पण ती भीतीने आलेली शांतता असते). कान गार असतील तर कूलर बंद, कोरड्या टॉवेलात गुंडाळा, कोमट पाण्याची बाटली कापडात बांधून बाजूला ठेवा, त्याला नको वाटलं तर सरकता आलं पाहिजे, आणि दवाखाना. घरातलं अमॉक्सिसिलिन वगैरे अँटिबायोटिक देऊ नका, सशाच्या पोटातले उपयोगाचे जिवाणू त्याने मरतात आणि त्यात ससाही जातो.

आणि एक, ऊन लागलेला ससा सावरला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो बरा दिसतो आणि एक-दोन दिवसांनी पोट बंद पडतं, म्हणून लेंड्या मोजत राहायच्या.

हे सगळं टाळायचं तर ससा नेण्याची वेळ पाळा. मी मे मध्ये सकाळी 8 नंतर ससा हातात देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. गाडीच्या डिक्कीत नाही, बंद कारमध्ये पाच मिनिटंही नाही. बाजूला भोकं असलेला खोका किंवा कॅरियर, तळाला गोणपाट, पाण्याची गोठवलेली बाटली पंच्यात गुंडाळून एका कडेला. कोकणात, मुंबईत नेणाऱ्यांनी कूलरवर विसंबू नये, दमट हवेत तो नुसती ओल वाढवतो, तिथे 33-34 डिग्रीतही ससा हैराण होतो, गोठवलेली बाटली आणि हवेशीर जागाच कामाला येते. प्रवासाआधी उपाशी ठेवायचं नाही, कुत्र्या-मांजराचा नियम इथे लावू नका, सशाला उलटी होतच नाही आणि रिकामं पोट हीच त्याची अडचण आहे, खोक्यात गवत भरूनच द्या.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू मी देत नाही. सोबत तीन-चार दिवस पुरेल इतकं माझ्याकडचंच गवत आणि दाणा देतो, नवीन खाणं त्यात थोडं थोडं मिसळत आठवडा-दहा दिवसांत बदलायचं. पहिल्या दिवशी लाडाने गाजर, काकडी, कोबी असलं काही नको, कोथिंबीरसुद्धा चार दिवसांनी. आणि पैसे द्यायच्या आधी तुमच्या गावात ससा बघणारा डॉक्टर कोण ते शोधून नंबर फोनमध्ये सेव्ह करून या, कारण बरेच दवाखाने फक्त गाई-म्हशी नाहीतर कुत्री बघतात आणि रात्री 11 ला ते कळून उपयोग नसतो.