हालांडसोसचा बोगदा : ग्राउटच्या वादाची पार्श्वभूमी

ग्राउट म्हणजे भेगा बुजवण्यासाठी जमिनीत किंवा खडकात दाबाने सोडलेलं मिश्रण. स्वीडनमधल्या हालांडसोसच्या रेल्वे बोगद्यात १९९७ मध्ये वापरलेल्या अशा मिश्रणाने विषबाधा झाली आणि वाद पेटला; त्याची ही पार्श्वभूमी. असं मिश्रण सोडून जमीन घट्ट करण्याचा पहिला नोंदलेला प्रयोग १८०२चा, फ्रान्समधल्या दिएप बंदरातला. तिथे चिकणमाती आणि चुना वापरला होता. पुढे सिमेंट आलं आणि खाणी व धरणांच्या कामांत रुळलं. अडचण यायची ती बारीक भेगांत. नेहमीच्या सिमेंटचे मोठे कण ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतात. पाव मिलिमीटरहून अरुंद भेगेत ते तोंडाशीच अडकतात. पाणी मात्र झिरपत राहतं.

१९५०च्या दशकात अमेरिकेत त्यावर तोड निघाली : अ‍ॅक्रिलामाइड. जवळजवळ पाण्याइतकं पातळ, आणि ठरवलेल्या वेळी त्याची जेली होते. पण ती होण्याआधी ते मज्जातंतूंवरचं विष असतं. जपानमध्ये १९७४ साली ते विहिरीच्या पाण्यात उतरून माणसं आजारी पडली आणि तिथे ग्राउटसाठी त्याचा वापर थांबला. म्हणजे १९९७ मध्ये धोका ठाऊक नव्हता, असं कुणी म्हणू नये.

त्या वर्षी दक्षिण स्वीडनमध्ये हालांडसोसच्या डोंगरातून रेल्वेचे दोन समांतर बोगदे खोदले जात होते. काम १९९२ पासूनचं, पहिलं खोदयंत्र सुरुवातीलाच निकामी ठरलेलं, मुदत कधीच उलटलेली. खडक भेगाळलेला आणि पाण्याने भरलेला. बोगद्यात किती पाणी येऊ द्यायचं याला परवान्याची मर्यादा होती, आणि वर डोंगरावर विहिरी आटत होत्या. सिमेंटने गळती थांबेना, तेव्हा अ‍ॅक्रिलामाइडचं मिश्रण निवडलं गेलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुमारे १,४०० टन आत गेलं.

‘चुकीचं रसायन’ एवढ्यावर हा निर्णय निकालात काढणं सोयीचं आहे. खरी गोम वाहत्या पाण्यात होती. भेगेतून पाणी जोरात येत असेल तर मिश्रण विरळ होतं, जेली धरत नाही आणि न जुळलेलं अ‍ॅक्रिलामाइड तसंच वाहून जातं. इथे तेच झालं. मासे मेले, ओढ्याचं पाणी प्यालेल्या गाई लुळ्या पडल्या, कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. ऑक्टोबरमध्ये काम बंद पडलं. मुदतीचा आणि परवान्याचा ताण नसता तर आधी पाण्याचा जोर कमी करून मग भेगा भरल्या असत्या, असं मानायला जागा आहे.

त्याच सुमारास नॉर्वेत ऑस्लोजवळच्या रेल्वे बोगद्यानेही वरची तळी आटवली, आणि तिथेही हेच रसायन वापरलं गेलं होतं.

एक अनपेक्षित फाटा असा : कामगारांचं रक्त तपासताना, ज्यांचा बोगद्याशी काही संबंध नव्हता त्यांच्या रक्तातही अ‍ॅक्रिलामाइडच्या खुणा सापडल्या. शोध घेत घेत २००२ मध्ये बटाट्याच्या वेफर्समध्ये आणि तळलेल्या-भाजलेल्या इतर पदार्थांत ते असल्याचं जाहीर झालं.

हालांडसोसमध्ये पुढे ढाल असलेलं खोदयंत्र आणलं, आतून काँक्रीटचं जलरोधक अस्तर दिलं, आणि एका वाईट पट्ट्यात तर जमीन गोठवूनच पुढे सरकावं लागलं. गाड्या धावू लागल्या त्या डिसेंबर २०१५ मध्ये.