दमसास

लांबलेले श्रम वेग फारसा न ढळता पेलण्याची शरीराची आणि मनाची क्षमता म्हणजे दमसास. जड ओझे एकदा उचलणे ही ताकद. हलके ओझे तासभर वाहत राहायला दमसास लागतो.

सरावाने हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात. पण सगळे अवयव एकाच चालीने तयार होत नाहीत. रक्तद्रव, म्हणजे रक्ताचा पातळ भाग, एक-दोन आठवड्यांतच वाढतो, स्नायूंना काही आठवडे लागतात, हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र महिने घेतात. नवख्या धावपटूची नडगी दुखू लागते ती बहुधा यामुळेच: छाती तयार झालेली असते, पाय झालेले नसतात.

सुरुवातीला आठवड्यातून चार दिवस 30 ते 40 मिनिटे, पूर्ण वाक्य न धापता बोलता येईल इतक्याच वेगाने चालावे, धावावे किंवा सायकल चालवावी. त्यातला एक दिवस दर आठवड्याला 5 ते 10 मिनिटांनी लांबवावा; चौथ्या आठवड्यात एकूण काम साधारण एक तृतीयांशाने उतरवावे. दोनेक महिन्यांनी आठवड्यातून एकदा तीव्र टप्पे घ्यावेत: कमाल नाडीच्या (पूर्ण जोर लावल्यावर मिनिटाला पडणाऱ्या सर्वाधिक ठोक्यांच्या) 85 ते 95 टक्क्यांवर 4 मिनिटे, मग 3 मिनिटे सावकाश, असे चार वेळा. सर्वांत जास्त नुकसान करते ती रोजच मध्यम जोर लावण्याची सवय. त्यात थकवा साचतो, आणि तीव्र दिवशी खरा जोर लावायला अंगात काही उरत नाही. सकाळची नाडी काही दिवस नेहमीपेक्षा बरीच जास्त लागली, झोप बिघडली, तर विश्रांती घ्यावी.

दीड तासापुढच्या श्रमांत स्नायूंतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, आटू लागते. तेव्हा ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. तहान नसताना पाणी ढोसत राहणेही धोक्याचे असते, कारण रक्तातील सोडियम घटून जिवावर बेतू शकते.

मनाची बाजू वेगळी काढता येत नाही. माणूस थांबतो तो पुष्कळदा स्नायू निकामी होण्याआधीच, श्रम असह्य वाटू लागल्यामुळे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधक मार्कोरा व सहकाऱ्यांच्या प्रयोगात 90 मिनिटे डोक्याला ताण देणारे काम केल्यावर सायकलवर टिकण्याचा सरासरी काळ 754 सेकंदांवरून 640 सेकंदांवर आला. हृदय व स्नायूंच्या मोजमापांतून त्याचा उलगडा होत नव्हता. श्रम जास्त जाणवत होते, एवढेच. म्हणून महत्त्वाच्या सरावाआधी डोके शिणवू नये. उरलेले अंतर लहान टप्प्यांत तोडावे, मनात म्हणायचे छोटे वाक्य आधीच ठरवावे आणि ते सरावातच घोटावे. ऐनवेळी सुचलेले टिकत नाही.

स्नायूंतली जळजळ आणि धाप सोसायची असते. एकाच जागी टोचणारी आणि पावलागणिक वाढणारी वेदना, छातीतली कळ, भोवळ सोसायची नसते. तिथे लगेच थांबावे. छातीत कळ आल्यास वैद्यकीय मदत घ्यावी.