हंगेरियनमध्ये ‘ऊतरॉ’ दीर्घ, मग ‘उतॉत’ ऱ्हस्व का?

हंगेरियन शिकणाऱ्याला आधी धास्ती बसते ती 18 विभक्त्यांची. प्रत्यक्षात जास्त छळतात ते ऱ्हस्व-दीर्घ. ‘ऊत’ म्हणजे रस्ता. त्याचं अनेकवचन ‘उतॉक’, कर्म असेल तर ‘उतॉत’; पण ‘रस्त्यावर’ जायचं असेल तर ‘ऊतरॉ’. ‘वीझ’ म्हणजे पाणी, त्याचंही तेच: ‘विझेत’, पण ‘वीझरे’. ‘मूल–मुलाला’ची सवय असलेला मराठी माणूस सरसकट ऱ्हस्व करतो आणि इथे फसतो.

याचं मूळ 1055 सालच्या एका सनदेत सापडतं. बॉलॉतोन सरोवराकाठी तिहॉन्य इथे राजा पहिला आंद्राश याने मठ स्थापला, त्याची ही सनद. भाषा लॅटिन, पण जमिनीच्या चतुःसीमा सांगताना मध्येच हंगेरियन डोकावते: ‘फेहेरुवारु रेआ मेनेह होदु उतु रेआ’, म्हणजे फेहेरवार गावाला जाणाऱ्या लष्करी वाटेवर. इथे ‘रेआ’ (आजचा ‘रॉ’/‘रे’, म्हणजे ‘वर’) सुटा शब्द आहे आणि ‘उतु’च्या शेवटी स्वर आहे. पुढे शब्दाच्या टोकाचे असे स्वर गळाले, आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. ‘उतु’चं ‘ऊत’ झालं. ‘रेआ’ प्रत्यय बनून चिकटला तो या दीर्घ रूपाला. कर्माचा ‘त’ आणि अनेकवचनाचा ‘क’ मात्र फार आधीपासून चिकटलेले होते. त्यांच्याआड जुना स्वर टिकला, म्हणून ऱ्हस्वही टिकला. अर्थात सगळीच नामं अशी वागत नाहीत. ‘हीर’ (बातमी) अनेकवचनातही ‘हीरेक’च. तेव्हा प्रत्येक नाम त्याच्या कर्मरूपासकट पाठ केलेलं बरं.

प्रत्यय झाल्यावर ‘रेआ’सारख्या शब्दांना स्वरमेळही पाळावा लागला, म्हणजे आपला स्वर नामातल्या स्वरांशी जुळवून घ्यावा लागला. 1195च्या सुमाराच्या अंत्यविधीच्या प्रवचनात ‘हॉलालनेक’ (मरणाला) आहे, आज तेच ‘हॉलालनॉक’. सर्वनामांत मात्र जुनी स्वतंत्र रूपं अजून शाबूत आहेत: ‘मला’ म्हणजे ‘नेकेम’, ‘माझ्यात’ म्हणजे ‘बेन्नेम’. ‘एन’ला (मी) ‘नेक’ जोडून केलेलं ‘एननेक’ ही नवशिक्यांची ठरलेली चूक.

लेखनातला घोळ बराच अलीकडचा. ‘लात’ (पाहणे) अधिक ‘यॉ’, उच्चार ‘लात्त्यॉ’. भाषातज्ज्ञ वॅर्शेगी फेरेंत्स म्हणत, उच्चाराप्रमाणे लिहा. दुसरे भाषातज्ज्ञ रेवॉई मिक्लोश म्हणत, धातू आणि प्रत्यय वेगळे दिसू द्या. भांडण इतकं पेटलं की दोन्ही गटांना एकेका अक्षरावरून नावं पडली, j लिहिणारे रेवॉईंचे योत्तिश्तॉ आणि y लिहिणारे वॅर्शेगींचे इप्सिलोनिश्तॉ. हंगेरियन अकादमीच्या 1832च्या शुद्धलेखन नियमावलीने रेवॉईंची बाजू घेतली. त्यामुळे श्रुतलेखन अवघड झालं खरं, पण शब्दकोशात धातू शोधणं सोपं झालं.