स्वेट इक्विटी

नव्या कंपनीत रोख मेहनतान्याऐवजी कामाच्या मोबदल्यात शेअर देण्याची पद्धत. जमीन एकाची, कष्ट दुसऱ्याचे आणि पीक निम्मे-निम्मे, अशी अर्धेलीची शेती आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या व्यापारातही भांडवल न घालणारा ‘वर्किंग पार्टनर’ असतोच. स्टार्टअपमधला हिस्सा त्याच जातकुळीतला. मात्र इथे पीक हाती येईल की नाही, हेच ठाऊक नसते.

हा व्यवहार पुष्कळदा मित्रांमध्येच ठरतो. एकाला घरगुती डब्यांच्या ऑर्डरी घेणारे ॲप काढायचे असते, दुसरा नोकरी सांभाळून रात्री कोड लिहितो. दादरला चहा पिताना “तुझे दहा टक्के” एवढेच बोलणे होते. दहा टक्के कशाचे, हे तिथेच विचारून घ्यावे. कंपनीचे एकूण १०,००० शेअर असताना मित्राचे १,००० म्हणजे १० टक्के. पुढे गुंतवणूकदाराला नवे २,५०० शेअर दिले की त्याच १,००० शेअरांचे ८ टक्के होतात. यात कोणी कोणाला फसवलेले नसते, पण हिशेब आधी समजावला नसेल तर मन इथेच कलुषित होते.

मित्राने मध्येच काम सोडले तर? म्हणून हिस्सा कामाच्या काळाप्रमाणे हळूहळू पक्का होतो. त्याला व्हेस्टिंग म्हणतात. रूढ मुदत ४ वर्षांची, आणि पहिले वर्ष पुरे होईपर्यंत काहीच नाही. दीड वर्षाने निघालेल्याचे १,००० पैकी ३७५ शेअर पक्के होतात, अकराव्या महिन्यात गेलेल्याचा एकही नाही. शेअर आधीच नावावर केले असतील, तर उरलेले परत देण्याची अट करारात लिहावी लागते.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ५४ प्रमाणे स्वेट इक्विटीसाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो, नोंदणीकृत मूल्यांककाकडून किंमत ठरते आणि शेअर ३ वर्षे विकता येत नाहीत. खरी अडचण पुढेच आहे: हे शेअर संचालक किंवा कायम कर्मचारी यांनाच मिळतात. फक्त रविवारी येऊन मदत करणारा मित्र यात बसत नाही. अशा वेळी काही जण एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था काढतात, कारण २००८ च्या त्या कायद्यात भागीदाराची सेवा हेही योगदान धरले जाते. तोंडी शब्दावर मात्र कोणी भागधारक होत नाही; त्यासाठी सदस्यांच्या नोंदवहीत नाव चढावे लागते.

कर्मचाऱ्याला मिळालेल्या शेअरांची किंमत पगारी उत्पन्नात धरली जाते. त्यामुळे हाती रुपया आला नसतानाही कर भरायची वेळ येऊ शकते.