वॉटसन, अँड्र्यू

(२४ मे १८५६ – ८ मार्च १९२१). स्कॉटलंडचा फुटबॉलपटू व कर्णधार, जगातील पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू. जन्म दक्षिण अमेरिकेतील तेव्हाच्या ब्रिटिश गियानात (आजचा गयाना) डेमेरारा येथे. वडील पीटर मिलर वॉटसन हे उसाच्या मळ्यांतून श्रीमंत झालेले स्कॉटिश गृहस्थ. आई हॅना रोझ तिथलीच. वडिलांनी त्याला लहानपणीच ब्रिटनला आणले. हॅलिफॅक्सच्या ग्रामर स्कूलमध्ये व नंतर लंडनच्या किंग्ज कॉलेज स्कूलमध्ये तो शिकला. वडील १८६९ मध्ये वारले. त्यांनी मागे ठेवलेल्या पैशामुळे त्याला पोटासाठी खेळावे लागले नाही. त्या काळी स्कॉटलंडमध्ये पैसे घेऊन खेळायला परवानगीही नव्हती. १८७५ मध्ये त्याने ग्लासगो विद्यापीठात नाव घातले. पदवी मात्र घेतली नाही.

ग्लासगो हे फुटबॉलचे गाव. १८७२ मध्ये इंग्लंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना तिथेच झाला आणि स्कॉटलंडचे अकराही खेळाडू क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे होते. एकट्याने चेंडू रेटत नेण्यापेक्षा आपसांत पास देत पुढे सरकायचे, ही त्यांची रीत. वॉटसन आधी मॅक्सवेल व पार्कग्रोव्ह या क्लबांकडून खेळला आणि १८८० मध्ये क्वीन्स पार्कमध्ये आला. पुढे तो क्लबचा चिटणीसही झाला. म्हणजे मैदानाबाहेरचा कारभारही त्याच्या हाती होता, आणि त्या काळाचा विचार करता ही गोष्ट कर्णधारपदाइतकीच मोलाची आहे.

तो बचावफळीत खेळे. स्कॉटिश फुटबॉल संघटनेच्या १८८०-८१ च्या वार्षिकात त्याच्याविषयी चार ओळी आहेत: वेग भरपूर, प्रतिस्पर्ध्याच्या पायातला चेंडू काढून घेण्यात पटाईत, किक जोरकस आणि खात्रीची, कोणत्याही निवडक संघात बसेल असा. कातडीच्या रंगाचा त्यात उल्लेख नाही. लिहिणाऱ्याला चांगला खेळाडू दिसला, तेवढे त्याने लिहिले.

१२ मार्च १८८१ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर त्याचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला आणि त्यातच तो कर्णधार होता. वय २४. स्कॉटलंडने इंग्लंडला ६-१ असे हरवले. घरच्या मैदानावर इतक्या फरकाने इंग्लंड पुन्हा कधीच हरलेले नाही. दोनच दिवसांनी रेक्सम येथे वेल्सवर ५-१, आणि पुढच्या मार्चमध्ये ग्लासगोत पुन्हा इंग्लंडवर ५-१. तीन सामने, तिन्ही विजय, सोळा गोल केले आणि तीन खाल्ले. क्वीन्स पार्कबरोबर त्याने १८८१, १८८२ व १८८६ असा तीनदा स्कॉटिश चषकही जिंकला.

त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली ती खेळ उतरला म्हणून नव्हे. १८८२ मध्ये तो लंडनला राहायला गेला, आणि स्कॉटलंडबाहेर खेळणाऱ्यांना राष्ट्रीय संघात घ्यायचे नाही हा दंडक १८९६ पर्यंत टिकला. लंडनमध्ये स्विफ्ट्स या क्लबकडून खेळताना तो एफए चषकातील (इंग्लंडमधील क्लबांची चषक स्पर्धा) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. पुढे कोरिंथियन क्लबने त्याला घेतले. स्कॉटलंडकडून वारंवार होणारे पराभव थांबावेत, इंग्लंडच्या खेळाडूंना एकत्र खेळायची सवय लागावी, म्हणून हा क्लब १८८२ मध्ये निघाला होता. ज्याच्या संघाने ते पराभव केले, त्यालाच त्यांनी आपल्यात घेतले! १८८४ मध्ये याच क्लबने एफए चषकविजेत्या ब्लॅकबर्न रोव्हर्सचा ८-१ असा फडशा पाडला, तेव्हा वॉटसन संघात होता. १८८७ मध्ये तो लिव्हरपूलजवळच्या बूटल क्लबात गेला.

पहिली पत्नी जेसी हिच्यापासून त्याला रुपर्ट व ॲग्नेस ही दोन मुले झाली. जेसी १८८२ मध्ये वारली. १८८७ मध्ये त्याने एलायझा केट टायलर हिच्याशी दुसरा विवाह केला. खेळ सुटल्यावर त्याने अनेक वर्षे जहाजांवर अभियंता म्हणून नोकरी केली.

पुढे त्याचे नाव पुसले गेले. गोलरक्षक आर्थर व्हार्टन हाच पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू, असे बरीच वर्षे मानले जात होते. वॉटसन ऑस्ट्रेलियात वारला, असेही छापले गेले. संशोधकांनी कागदपत्रे धुंडाळली तेव्हा कळले, की तो लंडनमध्ये क्यू येथे न्यूमोनियाने वारला. त्याची कबर रिचमंडच्या दफनभूमीत आहे. पडझड झालेल्या या कबरीची अलीकडे दुरुस्ती झाली. त्याच्यानंतर स्कॉटलंडच्या पुरुष संघात दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू, नायजेल क्वाशी, आला तो २००४ मध्ये.