पडलेला फणस जळणात घालू नका

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरजवळ किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत जात होते. श्रीवर्धन, मुरूड, दापोलीच्या वाड्यांतल्या नारळी-पोफळी, आंबे, फणस काही तासांत आडवे झाले. रस्ता मोकळा करायचा, छपरावरची फांदी उतरवायची, तारा सोडवायच्या, म्हणून अशा वेळी झाडं हाताला येतील तशी तोडली जातात. त्या घाईला कोण नावं ठेवणार? पण रस्ता मोकळा झाल्यावरही तीच घाई चालू राहते आणि परसातल्या साठ वर्षांच्या फणसाचे दोन-दोन फुटांचे गंडे पडतात. तिथे मात्र जीव तुटतो. आडवी करवत एकदा फिरली की त्या लाकडाचं दार होत नाही, खाट होत नाही, फार तर पाट होतो. बाकी सगळं चुलीत.

म्हणून पहिली गोष्ट लांबीची. सरळ बुंधा निदान सात-आठ फुटांचा अखंड ठेवावा आणि टोकांना थोडी जास्तीची लांबी सोडावी, कारण टोकं तडकणारच.

त्याही आधी जिवाची काळजी. मुळासकट उलथलेल्या झाडाचा बुंधा कापून वजन कमी झालं की मुळांचा मातीसकटचा गड्डा झटक्यात पुन्हा उभा राहू शकतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे माणूस असेल तर तो चिरडतो. दुसऱ्या झाडावर रेलून वाकलेल्या खोडात तर केवढा तरी ताण साठलेला असतो. चुकीच्या बाजूनं करवत लावली की खोड उभं फाटतं आणि अंगावर येतं. हे काम सराव असलेल्या माणसाचंच आहे. दोन पैसे वाचवायला स्वतः चेनसॉ, म्हणजे इंजिनवर चालणारी साखळीची करवत, हातात घेऊ नये.

आता ओंडका सुटा झाला, पण सॉ मिलपर्यंत, म्हणजे लाकूड चिरणाऱ्या गिरणीपर्यंत, न्यायचा कसा? दोन फूट जाडीचा, आठ फूट लांबीचा ओला फणस म्हणजे साधारण सहा-सातशे किलो. वाडीच्या पाखाडीतून, म्हणजे अरुंद दगडी वाटेवरून, तो काढायला क्रेन जात नाही, आणि एका ओंडक्यासाठी ट्रक परवडत नाही. शिवाय घराशेजारच्या झाडाला गिरणीवाले नाखूष असतात. कपड्यांच्या दोरीसाठी ठोकलेला खिळा, कुंपणाची तार, झोपाळ्याची कडी हे सगळं झाड वर्षानुवर्षं पोटात घेत जातं. बाहेरून साल गुळगुळीत दिसते, आणि आत पात्याचे दाते उडतात. लाकडात कुठे निळा-काळा डाग दिसला तर तिथे लोखंड असण्याची शक्यता मोठी. झाडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून तो रंग देतं.

यावरचा उपाय म्हणजे ओंडका गिरणीकडे नेण्याऐवजी गिरणीच ओंडक्याकडे आणायची. अमेरिकेत आणि युरोपात फिरती सॉ मिल हा आता सरावाचा प्रकार आहे. जमिनीवर रुळासारख्या दोन लोखंडी पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये ओंडका पक्का अडकवायचा आणि रुळांवरून इंजिन बसवलेलं करवतीचं डोकं ढकलत न्यायचं. गाडीच्या मागे जोडून हे धूड कुठेही नेता येतं. ओंडका मात्र कुठेच जात नाही, फार तर पहारीनं लोटून रुळांवर चढवायचा. दोन माणसांनी वर-खाली उभं राहून लांब करवत ओढण्याची आपली जुनी रीत आठवा. काम तेच, फक्त घाम इंजिन गाळतं.

खरी करामत पात्यात आहे. दोन चाकांवरून फिरणारी ही पट्टी जेमतेम एक मिलिमीटर जाड असते. दाते थोडे डावी-उजवीकडे वळवलेले असल्यामुळे काप साधारण दोन मिलिमीटरचा पडतो. चेनसॉचा काप आठ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. अर्धा मीटर जाडीच्या चौकोनी ठोकळ्यातून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढल्या, तर पट्टीच्या करवतीनं अठरा फळ्या निघतात आणि चेनसॉनं पंधरा. उरलेल्या तीन फळ्यांचा भुसा होऊन जमिनीवर पडतो.

ओंडका उघडताना पहिला काप सालीचा, मग ओंडका फिरवून दुसरा, असा चौकोनी ठोकळा करून मग फळ्या. पण फळी कुठल्या दिशेनं काढली यावर तिचं पुढचं आयुष्य ठरतं, आणि याचं कारण आहे पाणी. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांचा जुडगा समजा. पाणी नळ्यांच्या पोकळीत असतं आणि त्यांच्या भिंतींतही मुरलेलं असतं. आधी पोकळीतलं पाणी जातं, तोवर लाकूड हलकं होतं पण आक्रसत नाही. कोरड्या वजनाच्या तीसेक टक्क्यांवर ओल आली की भिंतींतलं पाणी सुटायला लागतं आणि तिथून लाकूड आटतं. ते सगळीकडे सारखं आटत नाही. सागवान पूर्ण कोरडं केलं तर वलयांच्या (बुंध्याच्या कापावर दिसणाऱ्या वाढीच्या गोल रेघांच्या) कडेकडेनं सुमारे सहा टक्के आटतं, आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे अडीच टक्केच. सुतारांचा लाडका साग त्यातल्या त्यात शहाणा, बाकी बरीच झाडं याहून जास्त आटतात. या तफावतीमुळेच अख्खा ओंडका ठेवला तर तो सालीपासून गाभ्यापर्यंत उभा तडकतो. फळीत वलयांच्या कमानी दिसत असतील, तर सुकताना तिच्या कडा सालीच्या बाजूला उचलल्या जातात. वलयं फळीच्या जाडीत उभी येतील अशी चिरली तर फळी सरळ राहते, पण लाकूड थोडं वाया जातं. अगदी मधला गाभा ज्या फळीत येतो ती हमखास चिरते. ती वेगळी काढून तिचे दोन भाग करावेत.

चिरायला उशीर नको. निसर्ग वादळ आलं ते पावसाच्या तोंडावर. दमट उबेत ओल्या लाकडावर बुरशी लवकर धरते आणि आंब्याच्या पांढऱ्या लाकडात निळसर रेघा पसरतात. त्यानं मजबुती फारशी जात नाही, पण रूप जातं. पाठोपाठ भुंगेरे येतात आणि लाकडातल्या पिठूळ साठ्यावर ताव मारतात. फणसाचं तसं नाही. त्याचा पिवळा गाभा स्वतःच्या रसायनांमुळे कीड आणि बुरशीला बराच पुरून उरतो. त्यातल्या मोरिन या पिवळ्या रंगद्रव्यामुळेच फणसाच्या लाकडाचा रंग बौद्ध भिक्षूंच्या चीवरांना, म्हणजे वस्त्रांना, वापरत आले, आणि दक्षिणेत मृदंग-वीणा याच लाकडाच्या घडतात. आंब्यालाही कमी लेखू नका. सावंतवाडीची लाकडी खेळणी आंब्याच्या लाकडाचीही घडतात. फक्त त्याला थांबायला वेळ नसतो.

चिरणं जमणारच नसेल तर ओंडके पाण्यात पूर्ण बुडवावेत. हवेवाचून बुरशी वाढत नाही. २१ सप्टेंबर १९३८ च्या वादळानं अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात जंगलंच्या जंगलं झोपवली. तेव्हा सरकारनं ओंडके विकत घेऊन तळ्यांत टाकले. न्यू हॅम्पशायरमधल्या टर्की पाँड या तळ्यातले पाइनचे ओंडके चार वर्षांनी, महायुद्धाच्या काळात, बायकांनी चालवलेल्या सॉ मिलमध्ये चिरले गेले.

चिरलेल्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवणं म्हणजे मेहनतीवर पाणी. जमिनीपासून फूटभर उंच, सपाट बैठक करावी. दर दीड-दोन फुटांवर एक इंच जाडीच्या आडव्या पट्ट्या ठेवत फळ्यांची चळत रचावी आणि सगळ्या पट्ट्या एकाखाली एक येतील असं बघावं, नाहीतर फळी लाटेसारखी सुकते. वर पत्रा, पत्र्यावर दगड, बाजू उघड्या. टोकांना ऑइलपेंट किंवा मेण आधीच फासावं, कारण नळ्यांच्या उघड्या तोंडांतून पाणी आडव्या दिशेपेक्षा दहा-पंधरा पट वेगानं निघतं. इंचभर जाडीला साधारण वर्ष लागतं. एक नमुन्याचा तुकडा दर आठवड्याला तोलावा. वजन उतरायचं थांबलं की त्या हवेपुरतं लाकूड सुकलं. त्या हवेपुरतंच! पावसाळी कोकणात ओल सतरा-अठरा टक्क्यांवर थांबते, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात सात-आठपर्यंत उतरते. गावी केलेलं टेबल शहरातल्या फ्लॅटमध्ये आल्यावर फाटतं ते यामुळेच.

कायद्याची बाजूही आधी बघा. भरपाईसाठी तलाठ्याचा पंचनामा झाल्याशिवाय झाड हलवू नये. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत आणि सॉ मिलला वनखात्याचा परवाना लागतो. म्हणून वनखात्याच्या कचेरीत विचारूनच पुढे जावं. माझ्या मते परवानाधारक फिरती गिरणी वादळानंतर गावोगाव फिरवण्याची सोय सरकारनंच करायला हवी.

उरला नारळ. त्याला वलयं नाहीत, सालीखाली वाढणारा थर नाही. कठीण धागे सगळे बाहेरच्या बाजूला दाटलेले आणि मध्ये भुसभुशीत. बुंध्याजवळचं बाहेरचं लाकूड घनमीटरला सहाशे किलोंच्या वर भरतं आणि वासे, खांब, जमिनीच्या फळ्यांना चालतं, पण ते साधं पातं लगेच बोथट करतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये हैयान वादळानं फिलिपिन्समध्ये नारळाची सुमारे ३ कोटी ३० लाख झाडं मोडली किंवा खिळखिळी केली. तिथे पडलेल्या माडांच्या फळ्या काढून लोकांनी घरं उभारली. ओंडका गोल फिरवत चारी बाजूंनी फक्त बाहेरचं लाकूड काढून घ्यायचं, मधला भाग सोडून द्यायचा. तो मधला भाग मात्र वाडीत कुजत ठेवू नये. गेंड्या भुंगा त्यातच अंडी घालतो, अळ्या त्यावर काही महिने पोसतात, आणि बाहेर पडलेला भुंगा शेजारी नव्यानं लावलेल्या माडाचा कोंब पोखरतो.