कान्ताउतोरे : इटलीतील गायक-गीतकारांची परंपरा

'कान्ताउतोरे' (अनेकवचन 'कान्ताउतोरी', स्त्रीलिंगी 'कान्ताउत्रीचे') हा इटालियन भाषेतला जोडशब्द. 'कान्तान्ते' म्हणजे गायक आणि 'आउतोरे' म्हणजे रचनाकार. स्वतः शब्द लिहून, स्वतः चाल लावून, स्वतःच गाणारा तो कान्ताउतोरे. १९६०च्या सुमारास आरसीए इटालियाना या रेकॉर्ड कंपनीत हा शब्द घडला आणि जान्नी मेक्या व त्यांच्या पिढीतल्या नव्या गायकांसाठी वापरात आला. पुढे ज्या शब्दाला साहित्यिक प्रतिष्ठा मिळाली, तो असा मुळात तबकड्या खपवणाऱ्यांचा होता. मराठीत 'गायक-गीतकार' म्हटले की संगीतकार बाहेर राहतो आणि 'शाहीर' म्हटले की डफ-तुणतुणे आत येते. म्हणून या नोंदीत मूळ शब्दच ठेवला आहे.

नावावरून सारा कारभार एकहाती वाटतो. प्रत्यक्षात या परंपरेतली अनेक उत्तम गाणी दोघा-तिघांनी मिळून केलेली आहेत. गायकामागे कधी कवी आहे, कधी अनुवादिका, कधी चित्रकार, तर कधी तत्त्वज्ञ.

पार्श्वभूमी. १९५१ साली सुरू झालेल्या सानरेमो गीतमहोत्सवाने इटालियन गाण्याचा एक ठरीव साचा रूढ केला. 'कुओरे' (हृदय) आणि 'आमोरे' (प्रेम) यांचे यमक जुळवले की निम्मे गाणे झाले, अशी त्याची थट्टा होत असे. १९५८ साली त्याच मंचावर दोमेनिको मोदुन्यो यांनी हात पसरून 'नेल ब्लू दिपिन्तो दी ब्लू' गायले. 'व्होलारे' या नावाने जगभर गेलेले हेच ते गाणे. शब्द मोदुन्यो आणि फ्रांको मिल्याच्ची यांनी मिळून लिहिले होते. पहिल्या ग्रॅमी पुरस्कारांत वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रण आणि सर्वोत्तम गीत हे दोन्ही मान त्याला मिळाले. आपले गाणे आपणच गाणारा माणूस लोकप्रियही होऊ शकतो, हे कंपन्यांना त्यामुळे पटले.

त्याच वर्षी तोरिनोमध्ये अगदी वेगळी माणसे एकत्र आली. सेर्जो लिबेरोविची, मिकेले स्त्रानिएरो, एमिलिओ योना, फाउस्तो आमोदेई आणि 'मार्गो' या नावाने गाणाऱ्या मार्गेरिता गालान्ते गार्रोने यांच्या 'कान्ताक्रोनाके' या गटाने गाण्यात गिरणी, संप, युद्ध आणि फॅसिस्ट-नाझी सत्तेविरुद्धचा प्रतिकारलढा आणला. फ्रांको फोर्तीनी यांच्यासारख्या कवींनी त्यांना शब्द दिले. कादंबरीकार इतालो काल्विनो यांनीही गीते लिहिली. त्यांच्या 'दोव्हे वोला लाव्होल्तोयो' या गाण्यातले गिधाड नदीकडे जाते, रानाकडे जाते, आणि प्रत्येक जण त्याला हाकलतो. शेवटी ज्यांना संपलेल्या युद्धाची हळहळ वाटत होती त्यांच्यावरच ते तुटून पडते. चाल लिबेरोविची यांची होती. 'ओल्त्रे इल पोन्ते' (पुलापलीकडे) हे काल्विनोंचे दुसरे गीत. एक माजी लढवय्या एका तरुण मुलीला आपल्या विशीतल्या दिवसांविषयी सांगतो आहे, असा त्याचा बाज. काल्विनो स्वतः त्या लढ्यात होते. गट काही वर्षांतच विखुरला. त्याच्या तबकड्या फार खपल्या नाहीत, पण गाण्यात गंभीर मजकूर मावतो हे त्याने दाखवून दिले. गटातल्या मंडळींनी हलक्याफुलक्या गाण्यांच्या धंद्यावर लिहिलेल्या १९६४च्या पुस्तकाला लेखक-विचारवंत उम्बेर्तो एको यांची प्रस्तावना होती.

मोदुन्यो आणि साहित्य यांचा संबंध 'व्होलारे'पाशी थांबला नाही. कवी आणि चित्रपट-दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी यांच्या 'के कोझा सोनो ले नुवोले?' (ढग म्हणजे काय?) या लघुपटासाठी त्याच नावाचे गाणे झाले. शब्द पासोलिनींनी शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तल्या ओळी उचलून, जोडून रचले आणि चाल मोदुन्यो यांनी लावली. लघुपटात मोदुन्यो कचरा गोळा करणाऱ्याच्या भूमिकेत ते गातात. मोडक्या कळसूत्री बाहुल्या ते उकिरड्यावर टाकतात आणि त्या बाहुल्यांना आयुष्यात प्रथमच ढग दिसतात. कवी आणि लोकप्रिय गायक यांच्या भेटीचे याहून हृद्य उदाहरण सापडणे कठीण.

जेनोवा. बंदराच्या या शहरातून उम्बेर्तो बिन्दी, जीनो पाओली, ब्रूनो लाउत्सी, लुईजी तेन्को आणि फाब्रित्सिओ दे आन्द्रे हे पाच जण आले. त्यांना 'जेनोवा घराणे' म्हणतात. घराणे म्हणावे इतकी त्यांची शैली एक नव्हती. 'शाँसों' या फ्रेंच शब्दप्रधान गाण्याचे वेड मात्र बहुतेकांना होते. पाओलींचे 'इल च्येलो इन उना स्तान्त्सा' (खोलीतले आकाश) १९६० साली मीना या गायिकेने घराघरांत पोचवले, आणि १९६३च्या 'सापोरे दी साले'चे संगीत संयोजन केले एन्नियो मोरिकोने यांनी. पुढे चित्रपटसंगीतासाठी जगभर नावाजलेले मोरिकोने तेव्हा आरसीएत संयोजनाचे काम करत. कान्ताउतोरेंच्या पहिल्या पिढीच्या 'साध्या' वाटणाऱ्या गाण्यांमागे अशी कसलेली माणसे होती, हे सहसा विसरले जाते.

२६ जानेवारी १९६७ रोजी सानरेमो महोत्सवात तेन्को आणि गायिका दालिदा यांनी सादर केलेले 'चाओ आमोरे, चाओ' पहिल्याच फेरीत बाद झाले आणि त्याच रात्री तेन्को हॉटेलच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. ते २८ वर्षांचे होते. दे आन्द्रे यांनी त्यांच्यासाठी 'प्रेगिएरा इन जेन्नायो' (जानेवारीतील प्रार्थना) लिहिले. १९७२ साली फुलांच्या व्यापारातले आमिल्कारे राम्बाल्दी यांनी सानरेमोतच 'क्लब तेन्को'ची स्थापना केली, आणि १९७४पासून त्या संस्थेचा तेन्को पुरस्कार दिला जाऊ लागला. महोत्सवाच्याच गावात, महोत्सवाच्या विरुद्ध टोकाचा हा मान आहे, आणि तो परदेशी कलावंतांनाही दिला जातो. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत फ्रान्सचे लेओ फेरे होते.

दे आन्द्रे. फाब्रित्सिओ दे आन्द्रे (१९४०–१९९९) यांच्याकडे 'एकटा प्रतिभावंत' म्हणून पाहण्याची रीत आहे. वास्तविक त्यांचा जवळजवळ प्रत्येक अल्बम कोणाच्या तरी सोबतीने झाला आहे. सुरुवातीच्या विनोदी 'कार्लो मार्तेल्लो'चे शब्द बालमित्र पाओलो विल्लाज्जो यांचे. हेच विल्लाज्जो पुढे इटलीचे लाडके विनोदी नट झाले. १९६८च्या अल्बममधले 'कान्तिको देई द्रोगाती' जेनोवाचे कवी रिक्कार्दो मान्नेरीनी यांच्या कवितेवर बेतलेले आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या चेक्को आन्जोलिएरी यांच्या 'मी आग असतो तर जग जाळले असते' या सुनीतालाही दे आन्द्रे यांनी चाल लावली. फ्रान्सच्या जोर्ज ब्रासाँस यांना ते गुरू मानत; त्यांची 'गोरिला'सारखी गाणी त्यांनी इटालियनमध्ये आणली. लेनर्ड कोहेन यांची 'सुझान' आणि 'जोन ऑफ आर्क' ही गाणीही त्यांनी इटालियनमध्ये गायली, तर बॉब डिलन यांच्या 'डेझोलेशन रो'चे रूपांतर तरुण फ्रान्चेस्को दे ग्रेगोरी यांच्यासोबत केले. 'ला बुओना नोव्हेल्ला' (१९७०) मध्ये येशूची कथा येते ती चर्चने न स्वीकारलेल्या शुभवर्तमानांच्या आधाराने. विद्यार्थी चळवळीच्या ऐन भरात हा माणूस बायबलाकडे का वळला, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. दे आन्द्रे यांच्या लेखी येशू हाच सर्वांत मोठा क्रांतिकारक होता.

त्यानंतरचा १९७१चा 'नोन आल देनारो, नोन आल्लामोरे ने आल च्येलो' हा अल्बम साहित्य आणि गाणे यांच्या नात्याचा सर्वांत चांगला नमुना आहे. अमेरिकन कवी एडगर ली मास्टर्स यांच्या 'स्पून रिव्हर अँथॉलॉजी'त (१९१५) एका काल्पनिक गावच्या स्मशानातले मृत आपापली हकिगत सांगतात. ते पुस्तक कवी-कादंबरीकार चेझारे पावेझे यांनी आपल्या एकेकाळच्या विद्यार्थिनीला, फेर्नान्दा पिवानो यांना वाचायला दिले. पिवानोंचा अनुवाद १९४३ साली, फॅसिस्ट राजवट कोसळण्याच्या सुमारास, तोरिनोच्या एइनाउदी प्रकाशनाने काढला. दे आन्द्रे यांनी त्यातल्या दोनशेहून अधिक कवितांमधून नऊ निवडल्या. शब्दांसाठी जुझेप्पे बेन्तिवोल्यो आणि संगीतासाठी तरुण निकोला पिओवानी सोबतीला होते. हा नुसता अनुवाद नाही. मूळ कवितांच्या शीर्षकांतली माणसांची नावे गेली. उरला 'एक न्यायाधीश', 'एक वैद्य', 'एक चष्मेवाला'. नाव टिकले ते एकट्या जोन्स या वाजवणाऱ्याचे, आणि त्याच्याही हातातले व्हायोलिन जाऊन तिथे बासरी आली. ठेंगणेपणावरून आयुष्यभर हिणवला गेलेला न्यायाधीश लोकांना फाशी देऊन सूड उगवतो. ही मूळची छोटी कविता गाण्यात जास्त बोचरी झाली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत. पिवानो यांनी घेतलेली दे आन्द्रे यांची मुलाखत तबकडीच्या वेष्टनावर छापली होती. त्यांना 'इटलीचा डिलन' म्हणण्याऐवजी डिलनलाच 'अमेरिकेचा दे आन्द्रे' म्हणावे, असे याच पिवानो नंतर म्हणत.

१९७९ साली सार्दिनियात दे आन्द्रे आणि त्यांच्या सहचारिणी दोरी गेत्सी यांचे अपहरण झाले. सुमारे चार महिने दोघे डोंगरात कैदेत होते. सुटल्यावर त्यांनी पहारेकऱ्यांविषयी कटुता दाखवली नाही, आणि मास्सिमो बुबोला यांच्यासोबत केलेल्या १९८१च्या अल्बममध्ये सार्दिनियाचे मेंढपाळ आणि अमेरिकेचे मूलनिवासी यांना शेजारी बसवले. १९८४चा 'क्रेउझा दे मा' (समुद्राकडे उतरणारी बोळ) त्यांनी माउरो पागानी यांच्याबरोबर केला. सगळे शब्द जेनोवाच्या बोलीतले, वाद्ये ऊद, बुझुकी अशी भूमध्यसागराच्या काठावरची, आणि शीर्षकगीताच्या शेवटी बाजारातल्या मासेविक्यांच्या आरोळ्या. इटलीतल्या बहुतेकांना त्यातले शब्द कळत नव्हते, तरी अल्बम गाजला. शेवटच्या 'आनिमे साल्वे'त (१९९६) जोडीदार होते इवानो फोस्साती. त्यातले 'स्मिझुराता प्रेगिएरा' कोलंबियाचे लेखक आल्वारो मुतिस यांच्या कवितांतून उगवले आहे.

बोलोन्या आणि रोम. बोलोन्याचे लुचो दाल्ला (१९४३–२०१२) मूळचे जाझचे क्लॅरिनेटवादक. '४/३/१९४३' या १९७१च्या गाजलेल्या गाण्याचे शब्द पाओला पाल्लोत्तीनो यांचे. आधीचे 'बाळ येशू' हे शीर्षक आक्षेपामुळे बदलून तिथे दाल्ला यांची जन्मतारीख घातली गेली. त्यानंतर तीन अल्बमसाठी त्यांनी कवी रोबेर्तो रोवेर्सी यांची साथ घेतली. रोवेर्सी जुन्या पुस्तकांचे दुकान चालवत, आणि पन्नासच्या दशकात त्यांनी पासोलिनींबरोबर 'ओफिचीना' हे नियतकालिक काढले होते. त्यांच्या मुक्त, खडबडीत ओळींना चाल लावणे सोपे नव्हते. म्हणूनच त्या अल्बममधले संगीत इतके धाडसी झाले. मोटारगाड्यांवरच्या 'आउतोमोबिली'च्या (१९७६) वेळी काही गीते गाळल्यावरून बिनसले आणि रोवेर्सी यांनी खरे नाव न देता 'नोरिस्सो' अशी सही केली. पुढच्याच वर्षी दाल्ला स्वतः शब्द लिहू लागले, आणि खऱ्या अर्थाने कान्ताउतोरे झाले ते तेव्हा.

फ्रान्चेस्को गुच्चीनी (जन्म १९४०) यांचे 'दीओ ए मोर्तो' (देव मेला आहे) सुरू होते ते अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग यांच्या 'हाऊल' या कवितेची आठवण देत. सरकारी रेडिओने ते नाकारले, व्हॅटिकन रेडिओने मात्र वाजवले. शेवटी देव पुन्हा उठतो, हे तिथल्या कोणी तरी नीट ऐकले असावे. 'न सापडलेले बेट' हे त्यांचे गाणे कवी ग्वीदो गोत्सानो यांच्यापासून निघालेले. नंतर त्यांनी लोरियानो माक्यावेल्ली यांच्यासोबत रहस्यकथाही लिहिल्या.

रोमच्या 'फोल्कस्तुदिओ' या छोट्या क्लबातून आलेले दे ग्रेगोरी (जन्म १९५१) डिलनचे उघड चाहते. २०१५ साली त्यांनी डिलनची गाणी इटालियनमध्ये गाऊन अख्खा अल्बम काढला. त्यांच्या १९७३च्या 'आलीचे'मध्ये पावसात सहा तास एका नर्तकीची वाट पाहणारा 'चेझारे' आहे; तो पावेझे. गाण्यात आडनाव नाही.

मिलानो आणि अन्यत्र. मिलानोत गाणे रंगभूमीला चिकटून वाढले. नाटककार दारिओ फो यांच्या शब्दांतले, पेशाने डॉक्टर असलेल्या एन्त्सो यान्नाच्ची यांनी गाजवलेले 'ओ विस्तो उन रे' हसत हसत सत्तेला चिमटे काढते. फो यांना पुढे १९९७ साली नोबेल मिळाले. जोर्जो गाबेर यांनी १९७०मध्ये 'इल सिन्योर जी'पासून 'गीत-रंगभूमी' हा प्रकार रुजवला. त्यांचे आयुष्यभराचे सहलेखक सान्द्रो लुपोरीनी हे चित्रकार होते आणि मंचावर येत नसत.

आन्जेलो ब्रान्दुआर्दी यांनी रशियन कवी येसेनिन यांच्या कवितेचे गाणे केले, येट्स यांच्या कवितांचा अल्बम केला, आणि 'आल्ला फिएरा देल्लेस्त' (१९७६) मध्ये ज्यूंच्या वल्हांडण सणातले साखळीगीत घेतले. मूळच्या करडाच्या जागी तिथे उंदीर आला. इटलीची मुले आजही ते पाठ म्हणतात.

सिसिलीचे फ्रांको बात्तियातो (१९४५–२०२१) यांची वाट प्रायोगिक संगीतातून निघाली. व्हायोलिनवादक जुस्तो पिओ यांच्यासोबत केलेला 'ला वोचे देल पाद्रोने' (१९८१) दहा लाखांहून अधिक खपला, तोही गूढवादी गुरू गुर्जिएफच्या शिकवणुकीचे दाखले देणाऱ्या गाण्यांसह. १९९५पासून त्यांच्यासाठी शब्द लिहिणारे मान्लिओ स्गालाम्ब्रो हे तत्त्वज्ञ होते. 'ला कूरा' हे दोघांचे गाणे लोक लग्नात वाजवतात.

या परंपरेच्या इतिहासात स्त्रियांना जागा कमी मिळाली आहे. जोवान्ना मारीनी (१९३७–२०२४) यांनी अनेक दशके गावोगाव फिरून लोकगीते जमवली, स्वतः दीर्घ गीते रचली, पासोलिनींच्या मृत्यूवर विलापगीत केले. मोठा श्रोतृवर्ग त्यांना मिळाला तो २००२ साली, दे ग्रेगोरींसोबत मजुरांची आणि चळवळीची जुनी गाणी 'इल फिस्क्यो देल वापोरे' या अल्बममध्ये गायल्यावर. तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या.